पाच रेडिओ, पाच जागा: सहकारी स्पेक्ट्रम सेन्सिंगची सुरुवात कशी करावी

कोऑपरेटिव्ह स्पेक्ट्रम सेन्सिंग, म्हणजे एखादी फ्रिक्वेन्सी रिकामी आहे का हे अनेक रेडिओंनी मिळून ऐकून ठरवणं, हा विषय शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी किंवा एमटेकच्या प्रबंधासाठी घेतला, की पहिल्या पंधरा दिवसांत एक आलेख तयार होतो. एकट्या रेडिओची रेषा खाली, पाच रेडिओंची वर. आलेख देखणा असतो आणि बहुतेक वेळा चुकीचा असतो. मीही तो काढला होता, आणि त्यात काय चुकलं हे उमगायला मला बरेच महिने लागले. ते महिने तुमचे वाचावेत म्हणून ही वाट पायरीपायरीने मांडतो आहे. सोबत पायथन, नमपाय आणि सायपाय हवं, संभाव्यतेची प्राथमिक ओळख हवी. अखेरच्या पायरीला आरटीएल-एसडीआरचे स्वस्त डोंगल, म्हणजे संगणकाला जोडायचे छोटे रेडिओ रिसीव्हर, लागतील. ते नसले तरी आधीच्या सगळ्या पायऱ्या लॅपटॉपवर होतात.

आधी प्रश्न नीट समजून घ्या

‘कॉग्निटिव्ह रेडिओ’ ही संज्ञा जोसेफ मिटोला यांनी १९९९ मध्ये रूढ केली. कल्पना अशी: एखादी फ्रिक्वेन्सी कुणाला तरी परवान्याने दिलेली आहे, पण तो परवानाधारक ती सगळीकडे आणि सदासर्वकाळ वापरत नाही. मग बिनपरवान्याच्या रेडिओने आधी कानोसा घ्यावा, जागा रिकामी असेल तर वापरावी आणि मालक आला की तत्काळ उठावं. परवानाधारकाला प्रायमरी युजर म्हणतात, पाहुण्याला सेकंडरी.

रिकामी जागा किती असते? आयआयटी मुंबईच्या गटाने २०१४ मध्ये भारतातल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्‌झ या टीव्ही पट्ट्याचा हिशेब मांडला. पट्ट्यातल्या १५ चॅनेलपैकी किमान १२ देशात जवळपास कुठेही रिकामे सापडतात, असं त्यातून दिसलं. याच पट्ट्यावर त्यांनी पालघर जिल्ह्यात खामलोली परिसरात गावांना इंटरनेट पोचवण्याचा प्रयोगही उभारला. विषय कागदी नाही, एवढं यातून कळावं.

अडचण कानोशाची आहे. टीव्ही पट्ट्यासाठीचं आयईईई ८०२.२२ हे मानक २०११ मध्ये आलं. त्यात अमेरिकी डिजिटल टीव्हीचा सिग्नल उणे ११६ डीबीएम इतका क्षीण असला तरी तो २ सेकंदांत, किमान ०.९ संभाव्यतेने ओळखावा आणि खोटा इशारा ०.१ च्या वर जाऊ नये, अशी अट आहे. इतकं क्षीण कशासाठी ऐकायचं? कारण तुमचा रेडिओ डोंगराआड उभा असेल. त्याला टीव्ही केंद्र ऐकूच येणार नाही, तो जागा रिकामी समजून बोलू लागेल, आणि डोंगराच्या खांद्यावरच्या घरात, जिथे सिग्नल व्यवस्थित पोचतो, तिथला टीव्ही बिघडेल. याला हिडन नोडची अडचण म्हणतात. सहकारी सेन्सिंग जन्माला आलं ते याच अडचणीपोटी, हे पुढे सतत ध्यानात ठेवा.

पायरी १: एकच रेडिओ, पण बिनचूक

सुरुवात एनर्जी डिटेक्टरने करा. हॅरी उर्कोविट्झ यांनी १९६७ मध्ये त्याचं विश्लेषण मांडलं आणि आजही नवख्यासाठी तोच बरा, कारण त्याला सिग्नलबद्दल काहीच माहीत असावं लागत नाही. एन नमुने घ्या, प्रत्येकाचा वर्ग करा, सरासरी काढा. सरासरी उंबरठ्याच्या वर गेली तर ‘कुणीतरी आहे’, खाली राहिली तर ‘रिकामं’.

दोन संख्या मोजायच्या असतात. मालक असताना तो ओळखण्याची संभाव्यता म्हणजे पीडी. मालक नसताना उगाच ‘आहे’ म्हणण्याची संभाव्यता म्हणजे पीएफ, खोटा इशारा. पीडी कमी पडला तर मालकाला त्रास, पीएफ वाढला तर रिकामी जागा वाया.

उंबरठा पीएफवरून ठरतो. नॉइजची शक्ती १ धरली, तर उंबरठा म्हणजे १ अधिक (क्यू-व्यस्त पीएफ भागिले एनचं वर्गमूळ). क्यू-व्यस्त म्हणजे प्रमाण नॉर्मल वितरणात जिच्या वर तेवढीच संभाव्यता उरते ती संख्या. ती काढायला सायपायच्या नॉर्ममधलं आयएसएफ हे फंक्शन वापरा. पीएफ ०.१ साठी ते १.२८ देतं. म्हणून १००० नमुन्यांसाठी उंबरठा १.०४०५ येतो.

आता १०,००० वेळा फक्त नॉइज तयार करा आणि किती वेळा उंबरठा ओलांडला जातो ते मोजा. उत्तर ०.१ च्या आसपास, जास्तीत जास्त ०.०१ इकडेतिकडे यायला हवं. आलं नाही तर पुढे जाऊ नका. बहुधा चूक एकच असते: कॉम्प्लेक्स नॉइजच्या रियल आणि इमॅजिनरी भागांना प्रत्येकी अर्धी शक्ती द्यायची राहून जाते, एकूण शक्ती २ होते आणि पीएफ थेट १ वर जाऊन बसतो.

मग सिग्नल मिसळा. एसएनआर म्हणजे सिग्नलची शक्ती नॉइजच्या किती पट आहे ते. उणे १० डेसिबल एसएनआर म्हणजे शक्तीत ०.१ पट. हेच एनर्जी डिटेक्टरला १००० नमुन्यांत सुमारे ०.९६ पीडी देतं. उणे १५ डेसिबलला तोच पीडी ०.३९ वर घसरतो. सिग्नलसाठी मी इथे गॉशियन नमुने धरले आहेत. तुम्हीही सुरुवातीला तेच धरा, म्हणजे आकडे पडताळता येतील.

पायरी २: जास्त वेळ ऐकून भागतं का?

०.९ पीडी आणि ०.१ पीएफ हवा असेल, तर उणे १० डेसिबलला सुमारे ७२५ नमुने पुरतात. उणे २० डेसिबलला सुमारे ६६,००० लागतात. सिग्नल दहापट क्षीण झाला तर ऐकण्याचा वेळ साधारण शंभरपट वाढतो. ६ मेगाहर्ट्‌झच्या चॅनेलवर ६६,००० नमुने म्हणजे ११ मिलिसेकंद, हे एकवेळ परवडेल.

न परवडणारी गोष्ट वेगळीच आहे. उंबरठा ठरवताना आपण नॉइजची शक्ती अचूक ठाऊक आहे असं गृहीत धरलं. प्रत्यक्षात ती तापमानाबरोबर हलते, रिसीव्हरगणिक वेगळी असते. तुमच्या प्रोग्रॅममध्ये उंबरठा १.०४०५ तसाच ठेवा आणि खरी नॉइज फक्त ०.२ डेसिबलने वाढवा. पीएफ ०.१ वरून जवळपास ०.५८ वर उडी मारतो. ०.२ डेसिबल! मला स्वतःला या विषयाचं गांभीर्य पहिल्यांदा जाणवलं ते हा आकडा पडद्यावर पाहिल्यावर.

राहुल टंड्रा आणि अनंत सहाय यांनी दाखवलं, की अशा अनिश्चिततेपुढे एक भिंतच उभी राहते. नॉइज १ डेसिबल वर किंवा खाली असू शकत असेल, तर एनर्जी डिटेक्टर सुमारे उणे ३.३ डेसिबलखालचा सिग्नल खात्रीने ओळखूच शकत नाही, कितीही वेळ ऐकलं तरी. तेव्हा एका रेडिओने जन्मभर कान लावून बसणं हा उपाय नव्हे.

पायरी ३: सावली घाला

आतापर्यंत एसएनआर ठरलेला होता. प्रत्यक्षात इमारती, टेकड्या, झाडी यांच्या आड सिग्नल कमीजास्त होतो. इंग्रजी पुस्तकं याला शॅडोइंग म्हणतात, मी सरळ सावलीच म्हणतो. डेसिबलमध्ये मोजलं की ती नॉर्मल वितरणाने बऱ्यापैकी बसते. प्रत्येक फेरीत सरासरी एसएनआर उणे १० डेसिबल ठेवा आणि त्यात ८ डेसिबल प्रमाण विचलनाची यादृच्छिक संख्या मिळवा. मिळवायची डेसिबलमध्ये, मगच शक्तीच्या पटीत बदलायची.

पीडी ०.९६ वरून ०.७२ च्या आसपास येईल. दर शंभरातल्या अठ्ठावीस वेळा मालक निसटला. नमुने दुप्पट करून पाहा, फार फरक पडणार नाही. जो रेडिओ सावलीत उभा आहे तो जास्त वेळ उभा राहिला म्हणून सावलीबाहेर येत नाही.

पायरी ४: पाच रेडिओ, आणि न्याय्य तुलना

इथे थोडं रेंगाळू या.

पाच रेडिओ घ्या. प्रत्येक जण आपापलं ऐकून १ किंवा ० असा एक बिट फ्यूजन सेंटरला, म्हणजे सगळ्यांची मतं एकत्र करून निर्णय देणाऱ्या केंद्राला, पाठवतो. सेंटर तीन साधे नियम लावू शकतं. ऑर: एकानेही ‘आहे’ म्हटलं तर आहे. अँड: सगळ्यांनी म्हटलं तरच आहे. बहुमत: पाचातल्या तिघांनी म्हटलं तर आहे.

समजा प्रत्येकाचा पीडी ०.६ आणि पीएफ ०.१ आहे. ऑर लावला तर पाचांचा मिळून पीडी १ वजा ०.४ चा पाचवा घात, म्हणजे ०.९९. इथेच लोक आनंदाने आलेख काढतात आणि थांबतात. मिळून पीएफ किती झाला? १ वजा ०.९ चा पाचवा घात, म्हणजे ०.४१. दर शंभर रिकाम्या क्षणांपैकी एक्केचाळीस वाया गेले. एकट्या रेडिओलाही पीएफ ०.४१ ची मुभा दिली असती, तर त्याचाही पीडी वाढलाच असता. ही तुलना बरोबरीची नाही.

म्हणून नियम असा पाळा: एकट्याचा पीएफ आणि पाचांचा मिळून पीएफ सारखा ठेवा, मगच पीडी शेजारी मांडा. मिळून ०.१ हवा असेल तर ऑरमध्ये प्रत्येक रेडिओचा पीएफ ०.०२०९ ठेवावा लागतो आणि त्यासाठी प्रत्येकाचा उंबरठा १.०४०५ वरून १.०६४४ वर चढवावा लागतो. बहुमतात उलट, प्रत्येकाला ०.२४७ पर्यंत ढिलाई चालते.

आता पायरी ३ ची सावली प्रत्येक रेडिओला स्वतंत्रपणे द्या. ऑरमध्ये उंबरठा चढल्यामुळे एकेकाचा पीडी सुमारे ०.६२ वर उतरतो, तरीही पाचांचा मिळून ०.९९ भरतो. बहुमताचा सुमारे ०.९५. एकट्याचा होता ०.७२. खोट्या इशाऱ्याची किंमत तेवढीच मोजून मिळालेला हा खरा फायदा. तुमचे आकडे दुसऱ्या दशांश स्थळी हलले तर काळजी करू नका, जास्त हलले तर उंबरठे पुन्हा तपासा.

ऑर का जिंकला? पाच स्वतंत्र जागांपैकी एखादी तरी सावलीबाहेर असतेच, आणि ऑरला एकच चांगली जागा पुरते. बहुमताला तीन लागतात.

बिटऐवजी प्रत्येकाने मोजलेली सरासरी ऊर्जाच पाठवली आणि सेंटरने ती मिळवली, तर त्याला सॉफ्ट फ्यूजन म्हणतात. त्यात माहिती जास्त टिकते, पण पाठवायचा भार वाढतो. बिटच पाठवायचे आणि प्रत्येक रेडिओची गुणवत्ता वेगवेगळी ठाऊक असेल, तर चेअर आणि वार्ष्णेय यांनी १९८६ मध्ये दिलेला नियम सर्वोत्तम आहे: ज्याचा अनुभव विश्वासाचा त्याच्या मताला जास्त वजन, आणि वजन म्हणजे संभाव्यतांच्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम. मात्र त्यासाठी प्रत्येकाचा पीडी आणि पीएफ माहीत असावा लागतो, आणि नव्या ठिकाणी नेमकं तेच माहीत नसतं. मी नवख्यांना आधी ऑर आणि बहुमत पक्के करायला सांगतो.

पायरी ५: सावल्या एकमेकींना बांधा

पाचामुखी परमेश्वर असं आपण म्हणतो. त्या पाचांनी वेगवेगळ्या पाच ठिकाणांहून पाहिलेलं असावं, हे त्यात गृहीत असतं.

पायरी ४ मधला प्रोग्रॅम तसाच ठेवून एकच ओळ बदला: पाचही रेडिओंना सावलीची एकच संख्या द्या, जणू ते एकाच टेबलावर शेजारी शेजारी आहेत. प्रत्येकाची नॉइज मात्र वेगळी राहू द्या. उंबरठे तेच, ऑर तोच, मिळून पीएफ तोच ०.१. पीडी ०.९९ वरून ०.७८ वर कोसळतो. एकट्याच्या ०.७२ पेक्षा जेमतेम वर.

या सगळ्या लेखातून एकच आकड्यांची जोडी लक्षात ठेवायची असेल तर ती ही: स्वतंत्र जागा ०.९९, एकच जागा ०.७८. एका टेबलावरचे पाच रेडिओ म्हणजे, फार तर, पाचपट वेळ ऐकणारा एक रेडिओ. आणि जास्त वेळ ऐकून सावली हटत नाही हे आपण वर पाहिलंच. रेडिओंची संख्या वाढवून निकाल सुधारल्याचे जे आलेख दिसतात, त्यांत सावल्या स्वतंत्र धरल्या आहेत का हे आधी शोधा. बहुतेकांत तसं गृहीत धरलेलं असतं आणि ते एका ओळीत उरकलेलं असतं.

या दोन टोकांच्या मधलं वास्तव दाखवायला गुडमुंडसन यांचं १९९१ चं मॉडेल घ्या. दोन ठिकाणच्या सावल्यांचा सहसंबंध अंतराबरोबर घातांकी उतरतो. तो किती अंतरात ओसरतो हे जागेवर अवलंबून: दाट शहरात काही मीटर ते काही दशक मीटर, मोकळ्या उपनगरी भागात शेकडो मीटर. पाच रेडिओंची ठिकाणं ठरवा, जोडीजोडीतलं अंतर काढा, पाच गुणिले पाचचा सहसंबंध मॅट्रिक्स भरा, नमपायमधलं चोलेस्की विघटन वापरून बांधलेल्या सावल्या तयार करा. मग रेडिओ हळूहळू दूर सरकवत पीडी कसा चढतो ते काढा. हा आलेख तुमच्या अहवालात नक्की असू द्या. परीक्षकांना काय दाखवायचं असा प्रश्न मला विचारला जातो तेव्हा मी हाच सुचवतो.

पायरी ६: निरोप बिघडतो, आणि कधी कुणी खोटं बोलतं

रेडिओ ते सेंटर हा निरोपाचा मार्गही रेडिओचाच असतो. दर शंभरात एक बिट उलटा पोचतो असं धरा. पाच रेडिओ आणि ऑर असेल तर नुसत्या या चुकांमुळेच मिळून पीएफ ०.०४९ होतो, दहा रेडिओ असतील तर ०.०९६. म्हणजे दहा रेडिओ झाले की ०.१ ची मुभा निरोपानेच खाऊन टाकली, ऐकायला काही उरलं नाही. रेडिओ वाढवत नेणं कुठे थांबवायचं याचं हे एक उत्तर.

जाणूनबुजून खोटं बोलणाऱ्याचाही विचार करा. चॅनेल आपल्यालाच मिळावा म्हणून एखादा रेडिओ कायम ‘आहे’ असंच पाठवू लागला, तर ऑरचा पीएफ थेट १ होतो, जागा बाकी कुणालाच मिळत नाही. बहुमतात तोच पीएफ ०.१ वरून सुमारे ०.२६ वर जातो: त्रास होतो, पण यंत्रणा उभी राहते. पायरी ४ ला ऑर जिंकला होता, इथे बहुमत. कोणता नियम चांगला असं कुणी विचारलं, तर सावलीची भीती जास्त की खोट्याची, हे आधी विचारायला हवं.

एक व्यावहारिक बाब सहज निसटते. ऐकण्याच्या वेळी सगळ्या सेकंडरी रेडिओंनी एकदम गप्प बसलं पाहिजे, नाहीतर ते एकमेकांनाच मालक समजतील. म्हणून ८०२.२२ मध्ये शांततेचे ठरावीक काळ आहेत.

हे सगळं इतकं नाजूक असल्यामुळेच अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने २०१० मध्ये टीव्ही पट्ट्यासाठी सेन्सिंगची सक्ती काढून ठिकाणावर आधारित डेटाबेसवर भर दिला. म्हणून विषय संपला असं समजू नका. त्याच देशात ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात नौदलाच्या रडारची चाहूल घ्यायला किनाऱ्यावर सेन्सरांचं जाळं उभारलं गेलं. जहाज कधी येईल हे डेटाबेसला सांगता येत नाही, ते ऐकावंच लागतं. आणि तिथेही सेन्सर एकाजवळ एक रचलेले नाहीत, किनाऱ्याने पसरलेले आहेत.

पायरी ७: खरे डोंगल

आरटीएल२८३२यू चिपचे डोंगल सेकंदाला सुमारे २४ लाख नमुने देतात, ८ बिटचे. फक्त ऐकायचंच आहे. परवान्याशिवाय प्रक्षेपण करू नका, प्रयोगासाठीसुद्धा.

प्रायमरी युजर म्हणून एफएमचं दूरचं, अंधुक ऐकू येणारं केंद्र निवडा. गावातलं जोरदार केंद्र निरुपयोगी, ते प्रत्येक डोंगलला प्रत्येक खोलीत ऐकू येईल. एफएमचा फायदा असा, की निवेदक गप्प असला तरी वाहक लहरीची शक्ती तेवढीच राहते. एखादं केंद्र प्रसारणाच्या दोन सभांच्या मधल्या वेळेत बंद राहत असेल तर सोन्याहून पिवळं: मालक कधी आहे आणि कधी नाही हे तुम्हाला वेळापत्रकावरूनच कळेल.

डोंगलचा ऑटोमॅटिक गेन बंद करा आणि एकच गेन पक्का ठेवा, नाहीतर तोच नॉइज वरखाली करत राहील. सुरू केल्यावर अर्धा तास गरम होऊ द्या. केंद्राभोवतीचा २४० किलोहर्ट्‌झचा भाग फिल्टरने वेगळा काढा आणि नमुने दहास एक असे विरळ करा. विरळ न करता सगळेच नमुने वापरले तर शेजारचे नमुने एकमेकांसारखेच असतात, एन कागदावर मोठा दिसतो आणि वर्गमुळाचा हिशेब फसतो. विरळ केल्यावर १००० नमुने म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद.

उंबरठा सूत्राने काढू नका. केंद्र बंद असताना, किंवा जवळच्या रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर, प्रत्येक डोंगलचे काही हजार निकाल नोंदवा आणि चढत्या क्रमाने लावा. एकट्यासाठी ९० टक्क्यांवरची किंमत हा त्याचा उंबरठा, पाचांच्या ऑरसाठी ९७.९ टक्क्यांवरची. प्रत्येक डोंगलचा वेगळा येईल, तसाच ठेवा. दर तासाला हे मोजमाप पुन्हा करा. पायरी २ मधले ०.२ डेसिबल आठवत असतीलच.

पहिल्या दिवशी पाचही डोंगल एका टेबलावर शेजारी ठेवून मोजा. दुसऱ्या दिवशी, त्याच वेळी, एक गच्चीवर, एक जिन्यात, एक स्वयंपाकघरात, एक मागच्या खोलीत आणि एक समोरच्या इमारतीतल्या मित्राकडे ठेवा. गेन तोच, अँटेना तीच. प्रत्येक नोंदीसोबत जागा, वेळ आणि त्या तासाचा उंबरठा लिहून ठेवा. मग दोन्ही दिवसांचे पीडी एकाच तक्त्यात शेजारी मांडा.